पाचचा तांब्या

शनिवार, संध्याकाळ

काल अमोलचा पहाटेचा धर्मवर्ग संपला. आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती; आमची मुलं शाळेच्या वयात चार वर्षं पहाटे धर्मग्रंथ शिकतात. आधी थोरली, मग हा. आठ वर्षं मी पाच वाजता पाण्याचा तांब्या घेऊन उशाशी उभी. हाक पुरली नाही, तर तांब्या.

शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "एवढं पहाटं शिकून ॲडमिशन कुठं मिळतीया?"

"स्वर्गात."

"तिथं डोनेशन किती?"

काल दिवसभर एकच प्रश्न. श्रद्धा मुलांची होती, की तांब्याची? आता हा आपणहून प्रार्थना करील?

सवयीने आजही पाचला तांब्या भरला. अंथरूण रिकामं. अमोल दारात बसून बूट बांधत होता.

"कुठं रे?"

"फुटबॉल. मॅच हाय की आज."

चार वर्षांत एकदा तरी असा... पण ते गिळलं. "प्रार्थना?" एवढंच विचारलं.

"झाली."

"काय मागितलंस?"

"त्यांच्या गोलकीपरला जाग येऊ नये."

ही मागणी प्रार्थनेत धरायची का? धरली. तांब्यातलं पाणी मीच प्याले.