मागच्या सीटवरचा खेळ

११ जानेवारी

आले एकदाचे हे पलटणीतून सुट्टीवर! बॅग दारात, बूट दारात आणि पोरं गळ्यात. वर्षभर ह्या दोघांची नाकं मी पुसते, डबे मी भरते, शाळेतली बोलणी मी खाते – आणि शिवतेज गल्लीभर ओरडत सुटला, "आमचं पप्पा आलं!" सात वर्षांचा घोडा. माझ्यासाठी कधी असा पळाला नाही. शिवांजली तर जेमतेम चारची, तिला पप्पा नीट आठवतही नव्हते. तरी तासाभरात मांडीवर!

मला आनंद झालाय. झालाच आहे. पण पोटात जरा दुखतंयही.

१५ जानेवारी

संक्रांतीचं माहेरी जाऊन आलो, विट्याला. गाडी मी चालवली. ड्रायव्हिंग शिकले तेच मुळी ह्या पोरांपायी, एसटीत दोघं आळीपाळीनं उलट्या करायची. हे म्हणाले, "तू चालव, मी मागं बसतो पोरांजवळ." मनात म्हटलं, बसा. ओगलेवाडी यायच्या आत मला हाका माराल.

कसलं काय! कराडला कृष्णेचा पूल आला आणि हे एकदम ओरडले, "पूल आला! डोळे मिटा!" सीटवर रुमाल पसरलेला, त्यावर गॉगल, कंगवा, पेरू, तिळाचा लाडू असलं काहीबाही. पोरांनी डोळे घट्ट मिटले. पूल संपेस्तोवर ह्यांनी एक वस्तू खिशात घातली. "उघडा! काय गेलं?" जो ओळखेल त्याच्या हातावर ती वस्तू परत. ओळखलं की परत – हा नियम.

विटा येईपर्यंत कुणाला मळमळलं नाही, भूक नाही, भांडण नाही. मी आरशातून तिघांची हसणारी तोंडं बघत होते. आमचा खेळ होता, उसाच्या ट्रॉल्यांचा. डावीकडच्या शिवतेजच्या, उजवीकडच्या शिवांजलीच्या. अख्खा हंगाम त्यावर काढला आम्ही. आज मी ओरडले, "ती बघा ट्रॉली!" कुणी मान वर केली नाही. मी एकटीनंच मोजली.

१८ जानेवारी

मेढ्याला मावससासूबाईंकडे. तोच खेळ! पूल कमी पडले म्हणून ओढ्यांवरच्या मोऱ्यासुद्धा पूल झाल्या.

२१ जानेवारी

हे मित्राकडे गेले होते. मी पोरांना घेऊन मुद्दाम बाजारात गेले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हटलं, चला, डोळे मिटा. पाण्याची बाटली लपवली. शिवतेज लगेच, "बाटली!" आणि वर, "आई, तुझं लय सोप्पं असतंय. पप्पासारखं न्हाई." शिवांजलीनं तर डोळे मिटलेच नव्हते. खिडकीतून फुगेवाला बघत होती.

मी रडले वगैरे नाही. कोल्हापूर नाक्यावर हॉर्न मात्र जरा जास्तच वाजवला.

२५ जानेवारी

आज बोलूनच टाकलं. म्हटलं, मला पण खेळायचंय, तुम्ही चालवा. तर हसून म्हणाले, "गाडीवाल्यानं डोळं मिटायचं नसतंय. तू रस्त्याकडं बघ."

मग माझा तोल गेला. "वर्षातनं महिनाभर लाड करायला काय जातंय? रागवायला मी, औषध पाजायला मी, आणि पप्पा लय भारी!" हे फडकं घेऊन गाडीची काच पुसत बसले. काच स्वच्छच होती.

बोलायला नको होतं असं मला वाटत नाही. खरंच आहे ते.

३० जानेवारी

खेळातल्या वस्तू मोठ्या व्हायला लागल्यात. आधी लाडू, मग चप्पल, परवा ह्यांची टोपी. आज विट्याहून येताना येरळेच्या पुलावर चक्क स्वतःची बॅग पुढं माझ्याशेजारी सरकवली! "पप्पाची बॅग गेली!" म्हणून पोरं किंचाळली. बॅग लगेच मागं परत. दोघं हसून हसून लोळली.

मी हसले नाही. हसू आलं होतं, दाबलं.

४ फेब्रुवारी

उद्या निघणार. सासूबाई लाडू वळतायत. मी मात्र आज एक वाईट विचार केला – आता पोरं परत माझी. लिहून ठेवते, कारण केला हे खरं आहे.

५ फेब्रुवारी

मिरज. स्टेशनाबाहेर गाडी लावली. मागच्या वेळी शिवतेजनं प्लॅटफॉर्मवर ह्यांचा पाय धरला होता, दोन माणसांनी सोडवला. नंतर ताप.

हे मागून म्हणाले, "आज पुलाबिगर खेळायचं. डोळं मिटा. मी हाक मारस्तवर उघडायचं न्हाई." पोरांनी हात डोळ्यांवर ठेवले. शिवांजलीनं तर दोन्ही तळवे दाबून धरले. ह्यांनी बॅग उचलली, दार हळूच लोटलं. माझ्या खिडकीशी आले. तोंडावर बोट. मग हलकेच, "तू रस्त्याकडं बघ."

मी रस्त्याकडं बघितलं नाही. ह्यांच्याकडं बघितलं, गर्दीत बॅग दिसेनाशी होईपर्यंत. लांबून आवाज आला, "उघडा! काय गेलं?"

"पप्पा!" शिवांजली ओरडली. "पप्पा गेलं! मी पयलं वळखलं!" टाळ्या पिटल्या तिनं. शिवतेज हरला म्हणून चिडला. रडलं कुणी नाही.

तेव्हा मला कळलं, महिनाभर हा खेळ कशासाठी चालला होता. लाडवापासून बॅगेपर्यंत. आणि मी जळत बसले होते! पण अजूनही जळतेच आहे. त्या दोघांना डोळे मिटायला सांगितलं. मला नाही.

१६ फेब्रुवारी

विट्याला निघालो, तिघंच. कृष्णेच्या पुलावर मागं दोघांनी आपणहून डोळे मिटले. पूल संपला. शिवांजलीनं रिकामी सीट बघितली, मग मला विचारलं, "आई, मी बरुबर वळखलं हुतं की. मग पप्पा परत का न्हाई?"

मी रस्त्याकडं बघितलं.