चार हलकी चाकं आणि चोवीस सेकंद

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.
ही वही लिहायला घेण्याचं कारण एकच. काल जेवताना मोनालीने जाहीर केलं की यापुढे चाकांबद्दल ती एक शब्दही ऐकणार नाही. मोनाली माझी भाची. घरात तिसरं कोणी नाही. म्हणून वही.
वस्तुस्थिती अशी. २५ जानेवारीला नागपूरला जुन्या स्पोर्ट्‌स कारची शर्यत आहे. आमच्या क्लबला एकच जागा. दिग्रसच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात जो १ मिनिट ५० सेकंदांच्या आत फेरी मारेल, त्याला ती जागा. मुदत ११ जानेवारी. माझी वेळ २ मिनिटं १४ सेकंद. पुढच्या शर्यतीपर्यंत मला बासष्ट पूर्ण होतील आणि क्लबचा नियम मला घरी बसवेल. म्हणजे ही शेवटची संधी.
दोष चाकांचा आहे. माझी लाल दोन सीटांची गाडी १९९९ची. चाकं लोखंडी, प्रत्येकी साडेआठ किलो. त्यातलं पुढचं डावं परवा कुंपणाचा खांब मध्ये आल्यामुळे वाकलं. अलॉयचं चाक साडेपाच किलो. चारांत बारा किलो वाचतात. फिरणाऱ्या वस्तूचा परिणाम दुप्पट धरतात, म्हणजे चोवीस. मला कमी करायचे आहेत चोवीस सेकंद. तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, पण गणित इतकं नेमकं क्वचित जुळलं.
निश्चय: आठवड्याभरात चाकं.

१६ डिसेंबर.
धावजीच्या गॅरेजमध्ये. धावजी माझाच विद्यार्थी, काठावर पास. त्याने वाकलेलं चाक ठोकून सरळ केलं. मग माप घेतलं. चार बोल्ट, समोरासमोरच्या दोहोंत अंतर ९८ मिलिमीटर. बाजारात मिळतात ती सगळी १००ची. मी म्हटलं, दोन मिलिमीटर कानशीने घासून घे. म्हणाला, "मॅडम, मंग चाक तुमच्या आंधी नागपूरले पोहचन."
उद्धट. वर्गातही असाच होता.

२० डिसेंबर.
यवतमाळ. सहा दुकानं. सगळीकडे पंधरा इंची, चकचकीत, माझ्या चाकांपेक्षाही जड. तेरा इंची मागितली तर एक दुकानदार म्हणाला, "आजी, ऑटोले लावाची हायेत काय?" त्याला वजन आणि वस्तुमान यांतला फरक समजावून सांगितला. तो आत निघून गेला. परतीच्या बसमध्ये उभी.
चाकं: शून्य.

२४ डिसेंबर. दुपारी २.
सापडली! मोबाईलवर. तेरा इंची, चंदेरी, चार नग. वजन प्रत्येकी फक्त ४१० ग्रॅम! विज्ञान कुठल्या कुठे गेलं आहे. कार्बन असावा. लगेच मागवली. नव्या हिशेबाने माझी फेरी १ मिनिट १० सेकंदांत होते. हे जरा जास्तच आहे. सुरक्षेसाठी मी वेग आवरता घेईन.
मोनालीला सांगितलं नाही. तिनेच अट घातली आहे.

२९ डिसेंबर.
पार्सल आलं. मोनालीने खोका उघडला आणि म्हणाली, "आत्या, ही चाकं नाहीत. चाकांवर लावायची प्लास्टिकची टोपणं आहेत."
मी म्हटलं, माहीत आहे. दिसण्यालाही महत्त्व असतं.
लावली. दुसऱ्याच वळणावर एक उडून चौकीदारीण सोनीबाईच्या अंगणात पडलं. मागायला गेले तोवर तिने त्यात तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. तसंच ठेवलं. तेरा दिवस उरले.

२ जानेवारी. सायंकाळी ७.
धावजीने पत्ता दिला होता: राजूरला भीमराज, कोळसा खाणीतून निवृत्त. त्यांच्याकडे माझ्याच मॉडेलची मोडलेली गाडी आणि तिची अस्सल अलॉय चाकं. फोनवर खात्री केली. पहाटेच्या बसने निघाले.
चाकं होती. चारही. ९८चीच.
मात्र चारही सिमेंटने भरलेली. मध्ये पाइप रोवलेले. त्यावर गल्लीतल्या लग्नाचे मांडव उभे राहतात.
भीमराज म्हणाले, "न्या ना ताई. पण एकेक चाक चाळीस किलोचं हाय. अन् सोळा तारखेले पोरीचं लग्न हाय. मांडव तुम्ही धरून उभ्या राहसान काय?"
मी विनवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला विनवलं. शेवटी म्हणाले, एक फोडून पाहा. छन्नी, हातोडा, पाऊण तास. सिमेंट निघालं नाही. चाकाला आरपार भेग गेली. भीमराजांनी चहा आणून दिला.
परतताना बसमध्ये डोळ्यांत काहीतरी गेलं. त्या बाजूला कोळशाची धूळ फार.

७ जानेवारी.
झोप नाही. आज शेजारच्या पुंडलिकरावांना विचारलं. ते शंकरपटात बैलजोडी पळवतात. त्यांच्या शर्यतीच्या छकड्याची चाकं इतकी हलकी कोण बनवतं, एवढाच प्रश्न होता.
म्हणाले, "बाई, आमची जोडी मांगं राह्यली तं आम्ही पहिले चाक नाही पाहत. धुरकरी पाहतो." धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. पुढे म्हणाले, "म्या जिनिंगच्या भिंतीवरून पाह्यलं. तुम्ही रिकाम्या मैदानात वळता तं हात कायले दाखवता?"
मी म्हटलं, नियम आहे.
"अन् हॉर्न?"
तोही नियम.
"अन् तिसऱ्या गिअरच्या वर काहून जात नाही? वरच्याले काय सुतक हाय?"
बैल आणि इंजिन यांची तुलना होऊ शकत नाही. पुंडलिकराव दहावी नापास आहेत.

११ जानेवारी. शेवटचा दिवस.
जॅक, स्टेपनी, गाडीच्या कागदांची फाईल, पायाखालची रबरी चटई, सगळं उतरवलं. नाश्ता केला नाही. सकाळी ९ वाजता फेरी: २ मिनिटं ९ सेकंद. पाच सेकंदांची प्रगती. अजून दोन महिने मिळाले असते तर.
मोनाली म्हणाली, गाडी सावलीत लावून येते. सावली पलीकडच्या टोकाला. ती पूर्ण फेरी मारून तिथे गेली. धावजीने घड्याळ लावलं होतं, हे मला नंतर कळलं.
१ मिनिट ४६.
त्याच चाकांवर. त्याच ठोकून सरळ केलेल्या चाकावर.
मी सांगितलं: वारा मागून होता, टाकीत पेट्रोल कमी होतं, घड्याळ तपासा. क्लबच्या सेक्रेटरींनी दुसरं घड्याळ आणलं. दुसरी फेरी: १ मिनिट ४५. तिसरी मी मागितली नाही.
मोनालीला विचारलं, कधी शिकलीस? म्हणाली, "तू चाकं आणायला गेलीस की मी गाडी घेऊन इकडे येत होते, आत्या. तू विचारलंच नाहीस. तू चाकंच शोधून राह्यली होतीस."
क्लबच्या वहीत तिचं नाव चढलं.

१३ जानेवारी.
निर्णय: गाडी देणार नाही. गाडी माझी आहे. गाडीशिवाय ती नागपूरला काय स्कूटी पळवणार?
हे तिला स्पष्ट सांगितलं. "बरं," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. दिवसभर चाकांचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. घर एवढं शांत मला कधीच चाललेलं नाही.

१५ जानेवारी.
सकाळी ती माझी गाडी पुसत होती. टोपणं काढून एका बाजूला ठेवली होती. मी खिडकीत उभी. तिने चाकांकडे एकदाही पाहिलं नाही. आत बसली, हात स्टिअरिंगवर ठेवले, डोळे मिटले आणि बसल्या जागी सगळी वळणं घेतली. खांदे बरोबर त्या त्या बाजूला झुकत होते. एकाही वळणावर हात बाहेर काढला नाही.
मला ती वळणं पाठ आहेत. तरी मी असं कधी केलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार. सायंकाळी ५. क्लबचं कार्यालय.
आज सुपूर्द केलं ते असं:
गाडी, एक. लाल. चालू स्थितीत.
चाव्या, दोन.
चाकं, चार. लोखंडी, मूळची.
हातमोजे, एक जोडी. न वापरल्यासारखे.
हेल्मेट, एक. तिला सैल होतं. आत कापूस मी स्वतः भरला.
मालकाची संमती, माझ्या सहीने.
घेणार: मोनाली. सही केली, मग पाया पडायला वाकली. कार्यालयात हे चालत नाही, असं सांगितलं.
मला मिळालं: प्रेक्षकांचा पास, एक. उन्हाकडची बाजू.