गाडी मी नेली आहे

वहिनी,

दादा उठायच्या आत मी गाडी घेऊन मैदानावर निघाले आहे. शेड रिकामी दिसली की तो घर डोक्यावर घेईल. आधी चहा दे, मग सांग.

आज मोटारसायकलच्या शर्यतीत तो नाही, मी उतरतेय. नाव कालच नोंदवलंय. त्याने मला शपथ घातली होती, ती मोडते: मागच्या महिन्यात पडला तेव्हा नुसता खांदा दुखावला नव्हता, डोक्यालाही मार बसला होता. पुन्हा मार बसला तर निभावणार नाही, असं डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले. काल सरावात "चेन ताणलीस का?" असं तो मला सारखं विचारत होता, आणि स्वतःच आखलेल्या वाटेवर उलटा वळला. समोरून मी पायी येत होते म्हणून बरं, दुसरं कोणी गाडीवर असतं तर धडकच होती.

गाडी नुसती लपवली असती तर त्याने कुणाची तरी मागून आणली असती. मी उतरले तर मात्र तो मैदानाच्या कडेला, दोरीपाशी उभा राहून माझ्यावरच ओरडत बसेल. चिखलात गाडी धरायला त्यानेच शिकवलंय मला, माझ्यावरून नजर हटायची नाही त्याची.

त्याला घेऊन ये. मोटार तू चालव, किल्ली त्याच्या हाती देऊ नकोस. आईला यातलं काही बोलू नकोस.

शेवटच्या टेकाडावरून मोठी उडी आहे. ती मी सरावात मारलीय, असं दादाला वाटतं. तसंच वाटू दे.