चिंचेनं घासलेलं नाणं

गुरुजी, शनिवारी आपल्या शाळेतून माणूस येणार आहे. माझी सगळी नाणी तो आपल्या गावी, देवळ्याकडे घेऊन जाईल. शाळेत त्यांच्यासाठी काचेचं कपाट केलं आहे आणि वर तुमचं नाव रंगवलं आहे. आताचे मुख्याध्यापक माझ्याच वर्गातले. फोनवर म्हणाले, "प्रत्येक नाण्याखाली एक चिठ्ठी लिहून दे. पोरांना वाचता येईल अशी लिही, तुझं कारखान्यातलं अक्षर नको." एकशे बारा चिठ्ठ्या लिहून झाल्या. पहिल्या नाण्याची तेवढी आज दुपारपर्यंत राहिली होती. सकाळी जपाला बसायचो, तर माळेचा मणी बोटात धरलेला तसाच राहायचा, पुढे सरकायचा नाही.

पहिलं नाणं तुमचं. सातवीचा वर्ग, वर तापलेले पत्रे. तुम्ही बंडीच्या खिशातून ती पुडी काढता आणि मला डोळे मिटायला लावता. शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी माझ्या तळव्यावर ठेवता. "डोळ्यांनी मागाहून. आधी बोटांनी वाच." मी चाचपतो आणि म्हणतो, "गुरुजी, माणसाचं नाक लागतंय." वर्ग हसतो. "नाकच आहे, गाढवा. अठराशे-एकोणीसशे वर्षांचं आहे, हळू धर." मग तुम्ही सांगता की हा एका राजाचा चेहरा, त्याच्याभोवतीची अक्षरं पार ग्रीसची, आणि त्या चेहऱ्यावर आपल्याकडच्या राजानं, लढाई जिंकल्यावर, आपला डोंगराचा शिक्का मारला. नाणं वितळवलं नाही, फक्त शिक्का मारला. "जग लांब नसतं रे. ते केव्हाच गोदावरीपर्यंत चालत आलं होतं." त्या दिवसापर्यंत माझं जग सटाण्याच्या बाजाराशी संपत होतं.

मला नाशिकला सातपूरच्या कारखान्यात तपासणी विभागात काम लागलं, तेव्हा तुम्ही ते नाणं रुमालाच्या गाठीत बांधून दिलंत. म्हणालात, "विकू नको. आणि एकटं ठेवू नको, त्याला सोबत आण." मी पाया पडलो. एवढी मोठी गोष्ट मला का दिली, हे विचारायचं सुचलं नाही.

मी ते देव्हाऱ्यात ठेवलं. दुसरी जागा सुचलीच नाही. जी वस्तू मोलाची ती देवाजवळ, हे आपल्याकडचं साधं गणित. दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं लागतं, आणि घरात चांदीचं तेवढंच होतं. ते काळं पडलं होतं. देवाची भांडी घासायला चिंच-मीठ काढलेलंच होतं, मी नाणंही घेतलं. ही म्हणाली, "अहो, गुरुजींना एकदा विचारा तरी." मी म्हणालो, "लक्ष्मीपुढे काळं तोंड ठेवायचं का?" नाणं झळकलं. मला किती बरं वाटलं, सांगू. दुसऱ्या दिवाळीला चिंचेनं समाधान झालं नाही म्हणून रांगोळीची पूड घेतली. तिसऱ्या दिवाळीला पूड आणि दात घासायचा जुना ब्रश. त्या वर्षी पुसून पाहिलं तर कडेची अक्षरं गेली होती. डोंगर गेला होता. नाकाच्या जागी एक गुळगुळीत फुगवटा होता. मी रोज मायक्रोमीटरनं केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि घरात तीन वर्षं मला काही दिसलं नाही. भक्तीनं केलं, असं मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे.

मग तुम्ही मोतीबिंदूसाठी नाशिकला आलात. ऑपरेशननंतर चार दिवस आमच्याकडे होतात, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा आधीच धूसर. दुसऱ्याच दिवशी म्हणालात, "आण रे ते. बघू म्हणत नाही, हातात दे." मी दिलं. तुमचा अंगठा नाण्यावर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. वर्गात कधी न बोललेली घरची बोली तुमच्या तोंडून निघाली, "हाई काय शे रे भाऊ?" आणि मग शांतपणे, "कोणी घासलं?"

ही चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, "हिनं. दिवाळीला."

तुम्ही हसलात. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. "सूनबाई, चिंच आमटीत बरी हो. राजाला आंबट चालत नाही." ही माझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "चुकलं, गुरुजी." आणि चहा तुमच्या हातात नीट धरवून दिला, कारण तुम्हाला दिसत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि तुमच्यापुरतं ते नाणं कायमचं तिनंच घासलेलं राहिलं.

संग्रह वाढला तो त्यानंतर. सुट्टीच्या दिवशी रामाचं दर्शन घेऊन सराफ बाजारात जायचं, मोडीत आलेली चांदी वितळायच्या आधी चाळायची. बुधवारच्या बाजारात फडक्यावर मांडलेल्या खिळ्या-कुलपांतून मला भोकाचं चिनी नाणं मिळालं. डच कंपनीचा तांब्याचा तुकडा मिळाला. रोमचं एक मिळालं, नखाएवढं. जर्मनीचं पाचशे मार्कांचं मिळालं, पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईतलं, पत्र्यासारखं हलकं, ज्यात म्हणे पावही येत नसे. युरोपानं एकच नाणं केलं तेव्हा फ्रान्स-इटलीची जुनी नाणी मुठीनं मिळू लागली, मी पिशवी भरून आणली. सोव्हिएत देश बुडाला, त्याचे कोपेक माझ्या कपाटात आले. कशालाही पाणीसुद्धा लावलं नाही. प्रत्येक नाणं आणताना वाटायचं, आता पुरे होईल. घरी पोचेपर्यंत पुन्हा तीच तगमग. तुम्ही सोबत आणायला सांगितली होती. मी गर्दी आणली, त्यात एक नाणं लपावं म्हणून.

गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे अगदी तसंच मिळालं. चेहरा, अक्षरं, डोंगर, सगळं शाबूत. तेच कपाटात पहिलं ठेवावं, चिठ्ठीवर "गुरुजींनी दिलेलं" लिहावं, असं मी मनाशी ठरवलं होतं. काल हिला दोन्ही दाखवली. तिनं चष्मा लावून पाहिलं. "हे नवं ठेवा, छान दिसतं," ती म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटतंय तोवर पुढे म्हणाली, "नाहीतरी तुमच्या गुरुजींपुढे मी चिंच घेऊन उभीच आहे अजून." आणि भाजी निवडायला बसली. इतक्या वर्षांत ती यावर एवढंच बोलली.

आज दुपारी ती देवळात गेल्यावर मी तुमच्या नाण्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली, तुम्ही शिकवलं होतं तशी. नुसता करडा गोल उमटला. मग चिठ्ठी लिहिली, पोरांना वाचता येईल अशा अक्षरात: "क्षत्रपांचे नाणे, त्यावर सातवाहनांचा शिक्का. गुरुजींनी दिलेले. दोन्ही राजे याच्यावरून पुसले गेले, कारण ज्याला दिले त्याने ते तीन दिवाळ्या स्वतःच्या हाताने घासले." शेजारी ते शाबूत नाणं ठेवणार आहे, काय गेलं ते पोरांना कळावं म्हणून.

हे पत्र तुमच्याकडे जायचं नाही. घडी घालून मी ते माझ्या पोथीत ठेवतो आहे. चिठ्ठी मात्र स्वयंपाकघरात चिंचेच्या बरणीला टेकवून ठेवली आहे. ती देवळातून आली की आमटी टाकायला बरणी काढेल आणि वाचेल. मी तेव्हा घरात नसेन, चप्पल घालूनच हे लिहितो आहे. तोंडानं सांगायचं धाडस, गुरुजी, मला आजही झालं नाही.