भरमूच्या पायाचा दोरा

निपाणी, ता. ४ सप्टेंबर १९४४

सौ. मनुबाईस नागुबाईचा आशीर्वाद. वि. वि. तुझं कार्ड पावलं. आम्ही इकडं हाय तसं हाय. तुम्ही बेळगावात सुखात असणारच, तुमच्या घरचं कोण लढाईला गेलंय.

भरमूनं त्याच्या मामाला लिहिलं म्हणं, की तिकडं डोंगरात बरफ पडायचा हाय, सरकारी मोजे टिकत न्हाईत, घरचे विणलेले असले तर पाठवा. मामाला लिहिलं, आईला न्हाय. बरोबरच हाय. मामानंच भरतीच्या कचेरीत नेऊन उभा केला, छाती मोजून दिली, आता पाय पण मामानंच बघावेत. धाकटा भाऊ म्हणून तुझ्या नवऱ्याला, शामूला मी कडेवर खेळवला, आणि त्यानं माझं एकुलतं एक पोरगं पलटणीत घातलं. हे माझ्या चितेवर पण माझ्यासंगं येणार हाय.

वर तू लिहितीस, राजी मोजे विणायला शिकली, भरमूच्या जुन्या वहाणेवरनं पायाचं माप दोऱ्यानं घेऊन पाठवा. मनू, मी दोनच बुकं शिकले, पण एवढी खुळी न्हाय. आपल्यात नवऱ्या मुलाच्या पायाचा दोरा कुठं जातो? मुलीच्या घरी जातो. सोयरीक पक्की झाली की दोरा द्यायचा आणि त्या मापानं मुलीच्या बापानं वहाणा शिवून आणायच्या. तुझी राजी आणि माझा भरमू यांचं लहानपणी बोलणं झालं होतं, ते भरमूनं पलटणीचा डगला घातला त्या दिवशी मी मोडलं. आता मोज्याचं निमित्त करून तू दोरा मागतीस व्हय. दोरा मिळणार न्हाय.

लोकर आणि सुया पाठवून दे. माझ्या पोराचे मोजे मी विणीन. जन्मभर विड्या वळल्यात, या हाताला लोकरीचं काय कवतिक.

लोभ होता तो तुझ्या नवऱ्यानं घालवला. उरला असंल तेवढा जपून ठेव.

नागुबाई

*

बेळगाव, ता. १६ सप्टेंबर १९४४

ती. आक्कांच्या चरणी मनूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं नाही, कारण मला घरात शांतता हवी आहे.

भरमूला कुणी दावं लावून नेला नव्हता. तो आपल्या पायांनी बेळगावला आला आणि वखारीत तंबाखूची धूळ खाण्यापेक्षा पलटण बरी, असं माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलला. हे मी मागंच लिहिलं होतं. ते पत्र तुम्ही न वाचता चुलीत घातलंत, असं कानावर आलं.

राजीचा हात नको तर नको. बोरगावचा रायाप्पा इकडं आला होता, त्याच्याजवळ लोकर आणि सुया दिल्या आहेत. सोबत मी विणलेला एक नमुना आहे, तो पुढ्यात ठेवून टाके बघा. वरून गोल गोल विणत यायचं आणि टाचेपाशी वळवायचं. लष्करी कंपातल्या मडमेच्या विणकामाच्या वर्गात आम्ही सगळ्या टाचेपाशीच रडलो, तुम्हीही रडाल. एकदम मांडी ठोकून बसू नका, कंटाळा येतो. कुणी बोलत बसलं की हातात घ्यायचं. आणि एक ऐका, पहिला पुरा झाला की त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके घाला. आमच्या गल्लीत घरोघरी एकेकच मोजा पडून आहे.

राग असू द्या, पण थंडीच्या आत विणा. लहानांना आशीर्वाद द्यावेत, एवढं मागणं.

आपली मनू

*

निपाणी, ता. ९ ऑक्टोबर १९४४

सौ. मनुबाईस आशीर्वाद. वि. वि. एक मोजा झाला. मी रडले न्हाय. टाच तीनदा उसवली आणि दर खेपेला तुझ्या मडमेला शिव्या दिल्या, मग झाली. एक सुई मोडली, तिच्या जागी सायकलच्या चाकाची तार दगडावर घासून घेतली, ती तुझ्या सुईपेक्षा बरी चालती. शेजारची अक्काताई येऊन विचारून गेली की मासं धरायचं जाळं कधी पुरं होणार. तिला म्हटलं, पहिला मासा तूच.

मापाला भरमूची जुनी वहाण घेतली. दाराच्या मागं खुंटीला हाय. तिची टाच बाहेरच्या अंगानं झिजलीया, चालताना तसा पाय टाकायचा. तेवढी जागा मी जाड विणली. आणि तुझ्या नमुन्यात एक मोठी चूक हाय, अंगठा वेगळा काढलेलाच न्हाय. नुसती पिशवी. वहाणेला अंगठा असतो, मग मोजा आत जाणार कसा? मडमेला ठाऊक नसंल. मी अंगठा वेगळा विणला, झकास बसलाय.

दुसऱ्याचे टाके घातले न्हाईत. तू म्हणालीस म्हणून मुद्दाम न्हाय, हातच जाईना. केलेलं काम परत पहिल्यापासनं करायचं, याच्यात काय गोडी. पहिला विणताना पोरगं रांगत होतं तिथपासनं सगळं आठवत गेलं. दुसऱ्याला आठवायला फक्त ते मोटारीत बसून गेलं एवढंच राहिलंय. टोपलीत लोकर पडलीया आणि मी तिच्याकडं पाठ करून विड्या वळतीया.

पत्र न लिहिलंस तरी चालंल, सुखरूप असलात म्हंजे झालं.

नागुबाई

*

बेळगाव, ता. १७ ऑक्टोबर १९४४

ती. आक्कांस शि. सा. नमस्कार. वि. वि. अंगठ्याचं वाचून हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. आक्का, भरमू तिकडं वहाणा घालत नाही. पलटणीत बूट असतात, आणि बुटात पाचही बोटं एकाच घरात नांदतात. अंगठा वेगळा विणला तर तिथं शिवण येते, ती चालताना घासते, फोड येतात. यांनी हे ऐकून कपाळावर हात मारला आणि म्हणाले की आक्काला सांगून उपयोग नाही, तरी लिही. म्हणून लिहिते. अंगठा उसवा आणि पुढं सरळ बंद करा.

दुसरा होत नसेल तर तसं कळवा. राजी तुमचं पत्र चोरून वाचते, मी काही करू शकत नाही. ती म्हणते, आत्यांना कंटाळा आला असेल तर दुसरा मोजा मी विणते, मला दोरा नको, भरमूचा पाय मला ठाऊक आहे. मागं ओल्या अंगणात तो उभा राहिला होता तेव्हा उठलेला ठसा तिच्या ध्यानात आहे म्हणे. मी तिला रागे भरले. पण थंडी काही तुमच्या रागासाठी थांबणार नाही.

तुम्ही वडील, मी बोलू नये. बोलले. पदरात घ्या.

मनू

*

निपाणी, ता. २ नोव्हेंबर १९४४

सौ. मनुबाईस आशीर्वाद. वि. वि. तुझ्या कार्डानं एक काम झालं. असा राग आला की कार्ड वाचलं त्याच दुपारी दुसऱ्याचे टाके घातले. तुझ्या पोरीनं माझ्या पोराच्या पायाचा ठसा ध्यानात ठेवायचा आणि मी बसून बघायचं व्हय? कंटाळ्याला औषध काय असतं ते तुझ्या वर्गात शिकवलं न्हाय. राग. राग धरून विणलं की टाका सुटत न्हाय. अक्काताई दोनदा आली, दोनदा दार लावलं.

दोन्ही मोजे रायाप्पाजवळ देतीया. दोन्हीला अंगठा हाय. देवानं अंगठा वेगळा दिलाय, सरकारनं न्हाय. बुटात बसंना तर रात्री निजताना घालंल. तू किंवा तुझ्या पोरीनं सुई लावायची न्हाय. धुवायचे पण न्हाईत, तंबाखूचा वास येतो म्हणून नाक मुरडू नको. त्याला घरचा वास येऊ दे.

शामूला सांग, पारसल पोचवलं म्हंजे माफी झाली असं समजू नको. बाकी सगळे खुशाल असा.

नागुबाई

*

बेळगाव, ता. १४ नोव्हेंबर १९४४

ती. आक्कांस शि. सा. नमस्कार. वि. वि. मोजे कालच्या डाकेनं गेले. खरं सांगते, अंगठे उसवायला मी कात्री हातात घेतली होती. राजीनं ती काढून घेतली आणि म्हणाली, आत्यांनी हात लावू नको म्हटलंय. असल्या पोरीला तुम्ही नाकारलंत, म्हणून कळवते.

आक्का, टाच मात्र माझ्यापेक्षा चांगली आली आहे. हे लिहिताना मला सुख झालं नाही.

मनूचा नमस्कार, घ्यायचा तर घ्या.

*

निपाणी, ता. २५ एप्रिल १९४५

सौ. मनुबाईस. भरमू इस्पितळात असल्याची तार शामूकडं आली, तो पुण्याच्या इस्पितळात भरमूला बघून पण आला, आणि मला कोगनोळीच्या नाक्यावरच्या माणसाकडनं निरोप. दाराशी यायची छाती झाली न्हाय त्याची.

भरमू काल घरी आला. काठी घेऊन आला. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट बरफानं गेलं, डाक्तरनं कापलं. मोजे त्याला इस्पितळात मिळाले, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तू आणि मी अंगठा काढ, अंगठा ठेव करत बसलो, तोवर थंडीनं निकाल दिला. यात तुझा वाटा किती आणि माझा किती, ते मी मोजत बसणार न्हाय. तू मोज.

तेच मोजे घालून आलाय. डाव्या मोज्याचा रिकामा अंगठा लोंबायचा, त्याला त्यानं गाठ मारलीया. मी सकाळी गाठ सोडली, अंगठा उसवला आणि टोक सरळ बंद केलं, तू म्हणाली होतीस तसं. आता झालं का तुझ्या मनासारखं?

भरमू राजीचं नाव काढतो. मी गप बसवला. गल्लीतला जो तो येऊन च् च् करून जातो, तसं तुझ्या घरनं नको. मी सोयरीक मोडली ती मोडली. आता लंगड्याची दया येऊन तू पोरगी पुढं करू नको. तिला चांगलं दोन पायांचं घर बघ. माझं पोरगं मी सांभाळीन.

यापुढं पत्राची वाट बघत न्हाय.

नागुबाई

*

बेळगाव, ता. ३ मे १९४५

ती. आक्कांस शि. सा. नमस्कार. वि. वि. वाट बघत नाही म्हणालात, तरी वाचा.

दया कुणाला येते? मला तुमचा राग येतो, सकाळी उठल्यापासून येतो. माझ्या मुलीला तुम्ही घरी बसवलंत. दोन स्थळं आली, ती आत बसून विणत राहिली आणि पाहुण्यांनी बोलावलं तर टाके मोजते आहे म्हणाली. मोजे विणून विणून पेटी भरली. तिला कंटाळा येत नाही, आम्हालाच बघून येतो. भरमूच्या पायाचं मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती एवढंच म्हणाली, मग तो ठसा आता खोटा झाला, नवीन माप लागेल.

तेव्हा मी दुसऱ्यांदा मागते. भरमूच्या पायाचा दोरा पाठवा. या खेपेला मोज्यासाठी मागत नाही. नसेल द्यायचा तर तसं स्पष्ट उत्तर द्या, मी राजीची समजूत घालीन आणि आपलं एकमेकींचं तोंड बघणं तिथंच संपेल.

यांना दाराशी यायची भीती वाटते हे खरं आहे. तुम्हाला कोण भीत नाही?

मनू

*

निपाणी, ता. ११ मे १९४५

सौ. मनुबाईस नागुबाईचा आशीर्वाद. वि. वि. पत्र पावलं. मोठ्या नणंदेला असं लिहितात व्हय? तुझ्या आईनं तुला वळण लावलं न्हाय हे मी लग्नातच बोलले होते.

शामूला सांग, चांभार नीट बघ. मागं माझ्या लग्नात माझ्या बापानं आणलेल्या वहाणा आमच्या मालकांना चावल्या, ते अजून बोलून दाखवतात. टाच बाहेरच्या अंगानं जाड ठेवायला सांग, तो तिथनं झिजवतो. आणि वहाणा घेऊन शामूनं स्वतः यावं. बोलणार मी त्याला, ते सोडणार न्हाय, पण जेवू घालून बोलीन.

आपल्यात एकाच पायाचा दोरा द्यायची रीत हाय. मी दोन पाठवतीया, उरलेल्या लोकरीचेच हायत. गाठ मारलेला डाव्या पायाचा. तो आखूड हाय. चांभाराला वाटंल बाई मापात चुकली, त्याला सांग, चुकली न्हाय.

नागुबाई