अकरा घरांची माडी

मी, शोशाम्मा वर्की, वय ७६, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार कोच्चुपाडम, कुट्टनाड, जिल्हा आलप्पुळा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी फक्त आजची तारीख विचारली होती, मी सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. घर विकावे असे लिहिलेले माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. कोट्टयमकडची डोंगरावरची एक एकर रबराची जमीन आणि बँकेतील सर्व ठेवी माझा एकुलता मुलगा साजू यास द्याव्यात. तो बहारीनला असतो. २०१८ च्या पुरानंतर त्याचा फोन आला, "अम्मची, विकून टाक ते घर. पाण्यात कोण राहतं?" मी म्हटले, "तुझे वडील राहिले, मी राहते, बेडूकही राहतात." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला भीती वाटते, ती माझ्यासाठीच.

२. घराविषयी जरा सविस्तर लिहिते. त्या पुरात मी नऊ दिवस शाळेच्या बाकावर काढले, अंगावरच्या एका साडीनिशी. ज्या शाळेत मुलांना "तयारी करून या" म्हणून आयुष्यभर दटावले, तिथेच मी कसलीही तयारी न करता येऊन पडले होते. लाज वाटली. परतल्यावर कालव्याकाठच्या अकरा घरांना दर रविवारी चहाला बोलावू लागले. पाणी आता वरचेवर येणार, उन्हाळा आणखी तापणार, विहिरी खारट होणार, हे सगळ्यांना दिसत होते. एकत्र बसून कोणी बोलले नव्हते. त्या रविवारांतून माझ्या घरावर माडी उठली, पावसाच्या पाण्याची टाकी बसली, गाईंसाठी उंच ओटा झाला, ऊन कमी तापावे म्हणून छपरांना चुना लागला, आणि पुरात कोणी कोणाला उचलून आणायचे याची यादी भिंतीवर लागली.

फक्त शेजारचा दिवाकरन येईना. बांधावरच्या एका नारळावरून आमचे बारा वर्षे वाकडे. कुंपणापलीकडून म्हणायचा, "टीचर, पाऊस पाडायच्या आधी देवानं तुमची परवानगी घेतली का?" तरी यादीत पहिले नाव त्याच्या आईचे होते, कारण नारायणी अम्मा अंथरुणाला खिळलेली.

तीन वर्षांनी, भर दुपारी बांध फुटला. मासे विकणारी लीला आणि मी होडी घेऊन त्याच्या दारी गेलो. तो आईला पाठुंगळी घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

"माझं नाव यादीत नाही, टीचर."

"आईचं आहे. तू सामान म्हणून चल."

म्हातारी पाठीवरून म्हणाली, "बस की मुकाट्यानं. हिच्या घरी काय शिजतं ते मला एकदा पाहायचंय."

त्रेपन्न माणसे माडीवर सहा दिवस राहिली. पेज आणि कैरीचे लोणचे. नारायणी अम्माला पेज खारट लागली, आणि तिने ते रोज सांगितले. कोणी दगावले नाही. पुढच्या रविवारी दिवाकरन सर्वांआधी येऊन बसला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सूचनेत खोट काढतो. निम्म्या वेळा त्याचे बरोबर असते.

सबब घर, माडी व टाकी अकरा घरांच्या नोंदणीकृत मंडळास द्यावी. ते विकू नये, माडीला कुलूप लावू नये, रविवारचा चहा मोडू नये.

३. होडी लीलाला. तिच्या हातून होडी अजून एकदाही कलंडलेली नाही. माझ्या हातून तीनदा.

४. वादातला नारळ मागच्या वादळात पडला. त्याचे खोड कालव्यावर साकव म्हणून टाकले आहे. तो कोणाचा होता, ते मी वर गेल्यावर विचारीन.

५. पुराच्या दिवसांत गेले, तर मला होडीतून मिरवत बसू नये. जमीन वर येईपर्यंत शवागारात ठेवावे आणि आधी जिवंत माणसांचे पाहावे.

६. अंमलबजावणी साजूने करावी. त्यासाठी त्याला इथे येऊन चार रविवार राहावे लागेल. हेतू तोच आहे.

साक्षीदार म्हणून सही करायला दिवाकरन घाईने आला होता. वकील म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते.

"मला काय मिळतंय?" त्याने विचारले.

"मंडळात अकरावं घर तुझंच आहे," मी म्हटले.

त्याने कसलीही खोट न काढता पेन वकिलांना परत दिले. असे मी प्रथमच पाहिले. म्हणून साक्षी दुसरे आहेत.

सही: शोशाम्मा वर्की

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना व हसत सही केली:
१. डॉ. बीना कोशी
२. शशिधरन पणिक्कर, पोस्टमन

कोच्चुपाडम, दि. १६ फेब्रुवारी २०२५, रविवार