चौथी पायरी

सोमवार, १२ ऑगस्ट

बुधवार पेठेत शरच्चंद्रच्या दुकानात जाऊन आलो. शुद्ध वेळ फुकट! तीस वर्षं हा माणूस आगगाड्यांची मॉडेलं विकतोय आणि इंजिनाचं तोंड कुठलं नि पाठ कुठली हे अजून कळत नाही. विचारलं, "४१२ ची सुधारित आवृत्ती आली का?" म्हणाला, "आलीय की! हीच." खोका उघडून ड्रायव्हरच्या कॅबच्या दाराखालच्या पायऱ्या मोजल्या. चार! म्हणजे जुनीच.

"अहो, ह्याला चार पायऱ्या आहेत."

"मग एक जास्तच मिळतेय ना, काका. कमी तर नाही!"

खोका बंद केला, नमस्कार केला नि निघालो.

घरी पद्मजाचं म्हणणं — एवढं मंडईजवळ गेलात तर कोथिंबीर आणायची होतीत.

मंगळवार, १३ ऑगस्ट

काल रागात मूळ मुद्दा लिहायचाच राहिला.

रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं काढली. ४१२ ज्या जातीचं डिझेल इंजिन, त्या जातीच्या कॅबची शीट नंबर सात माझ्या हातची. कोपऱ्यात सही आहे. त्या शीटवर पायऱ्या तीन आहेत. तीन म्हणजे तीन! गेल्या वर्षी ह्या मॉडेलवाल्या कंपनीने ४१२ चं वीतभर मॉडेल काढलं आणि त्याला पायऱ्या लावल्या चार. मी चार पानी पत्र लिहिलं, शीटची प्रत जोडली. 'चौथी पायरी आपणांस स्वप्नात दिसली काय?' असंही विचारलं. पद्मजा म्हणाली, ते वाक्य खोडा. नाही खोडलं.

आणि कंपनीने मान्य केलं! सुधारित आवृत्ती काढली. खोक्यावरच्या नंबरापुढे 'ब' असेल ती नवी. नसेल ती जुनी. एवढी साधी गोष्ट, पण ह्या देशात 'ब' वाचणारा माणूस मिळणं कठीण.

माझ्यासाठी नकोय मला. गेनबासाठी हवंय. ड्रायव्हर होता, ४१२ बावीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं. आता वाघोलीला मुलाकडे असतो. साखरेने उजवा डोळा गेला, डावाही चाललाय. डॉक्टर दसऱ्यापर्यंतचीसुद्धा खात्री देत नाहीत. त्याला दिसतंय तोवर त्याचं इंजिन त्याच्या हातात पडलं पाहिजे. आणि चुकीचं नाही! बरोबर असलेलं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

ऑर्डर थेट कंपनीकडेच टाकली. फोनवर कुणी निकिता. आवाज गोड, माहिती शून्य. "सर, लेटेस्टच पाठवतो आम्ही." मी म्हटलं, "लेटेस्ट म्हणजे काय? खोक्यावर 'ब' आहे का, उठून बघा. खोका उघडा. पायऱ्या मोजा. फोटो पाठवा. मग पॅक करा." तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "सर, पायऱ्या म्हणजे?"

पायऱ्या म्हणजे पायऱ्या, बाई! माणूस चढतो त्या.

रविवार, १८ ऑगस्ट

आमच्या आगगाडी-मॉडेलवाल्यांच्या मंडळाची बैठक. सात सभासद, सहा बिनडोक. आमोद जुनी ४१२ घेऊन आला होता. संगणक कंपनीत कामाला आहे, सव्वीस वर्षांचा, टी-शर्टवर इंजिनाचं चित्र. मिरवत होता! मी सगळ्यांसमोर विचारलं, "चुकीची आवृत्ती आहे हे माहितीये का?"

"हो काका. पण मला आवडते ही. आणि त्यांनी म्हणे रिअल फोटो बघून केलेली."

फोटो बघून! इंजिन फोटो बघून करतात का? ड्रॉइंग बघून करतात. फोटोत सावलीही पायरीसारखी दिसते. बोललो तसं. हसले सगळे. आमोदने गाडी फडक्यात गुंडाळून ठेवली. बरं झालं. कुणीतरी सांगायलाच हवं असतं.

गुरुवार, २२ ऑगस्ट

निकिताचा फोटो आला. खोक्याच्या झाकणाचा! पायऱ्या खोक्याच्या आत असतात हे ह्या लोकांना कोण शिकवणार?

रविवार, २५ ऑगस्ट

गेनबाला फोन. हिराने उचलला — त्याची बायको. म्हणाली, "आता ह्ये मानसं आवाजावरनंच वळखतात." मग तो आला. हसत होता. हा माणूस कायम हसतो. पाच फूट एक इंच उंची, पण इंजिनावर बसला की शेडमधला साहेबसुद्धा खालून मान वर करून बोलायचा.

अठ्ठ्याऐंशी साली त्याने मला ४१२ वरून जेजुरीपर्यंत नेलं होतं. आयुष्यभर मी इंजिनं काढली, इंजिनात बसलो तो त्या एकाच दिवशी. हात देऊन वर घेतलं त्याने. शिंदवण्याच्या घाटात म्हणाला, "साहेब, आता तुमी काढलेलं चाललंय बघा." कुणी माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं कधी बोललं नाही. ऑफिसात तर नाहीच.

मॉडेलचं सांगितलं नाही त्याला. हातातच ठेवायचं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

पार्सल आलं. खोक्यावर 'ब'. मी खूश! नखाने खरवडून बघितलं — 'ब' चिकटवलेला! खाली जुना नंबर. आत चार पायऱ्या.

हद्द झाली. लबाडी करायलाही अक्कल लागते, ती पण नाही! निकिताला फोन लावला. ती रडकुंडीला आली. "सर, गोडाऊनवाल्यांनी केलं असेल." गोडाऊनवाल्यांनी! तिच्या वरिष्ठाला फोनवर बोलावून ठणकावलं — हे परत घ्या आणि हा सगळा जुना माल एकदाचा मोडीत काढा, म्हणजे पुढे कुणाला फसवायचा प्रश्नच नको. तो म्हणाला, "आपलं बरोबर आहे सर. आम्हालाही ते संपवायचंच होतं."

पद्मजा म्हणाली, "अहो, गेनबांना कुठे पायऱ्या मोजायच्यात? हीच द्या की, डोळे जायच्या आत मिळेल तरी."

चाळीस वर्षं संसार केला माझ्याबरोबर आणि हे बोलते!

बुधवार, ४ सप्टेंबर

जुनी परत पाठवली. पद्मजा दिवसभर बोलली नाही. न बोलो.

मंगळवार, १० सप्टेंबर

गणपतीची गर्दी, कुरियर बंद, रस्ते बंद, डोकीही बंद. वाट बघतोय. गेनबाच्या मुलाचा फोन आला होता, डावा डोळा आणखी उतरलाय. उजेड कळतो, चेहरा कळत नाही. मनातून घाबरलो. पद्मजाचं ऐकायला हवं होतं काय? नाही. चूक ती चूकच.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आली! छापलेला 'ब', चिकटवलेला नाही. पायऱ्या तीन. भिंग लावून बघितलं, शीट नंबर सात शेजारी ठेवून बघितलं. मापाला माप! सोबत कंपनीचं पत्र — आपल्यासारख्या जाणकारांमुळे ही सुधारणा शक्य झाली, जुना साठा नष्ट करण्यात आला आहे. पद्मजाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती उठून आत गेली.

रविवारी वाघोली.

रविवार, १५ सप्टेंबर

वाघोलीहून आलो. आज काही लिहायचं नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

लिहितो.

गेनबाने इंजिन मांडीवर घेतलं. दिसत नाही, नुसती बोटं फिरवत होता. बफर, गज, मग कॅब. "माझं हाय हे! हिरा, चारशे बारा हाय!" मला कोण आनंद झाला! मग बोटं दाराखाली गेली. एक, दोन, तीन. परत वर. परत खाली. थांबली.

"साहेब, माझी पायरी कुठं हाय?"

मी म्हटलं, "गेनबा, पायऱ्या तीनच असतात."

"बाकीच्यांना तीन. माझे पाय पोचत नव्हते नव्हं! तीनदा पडलो. मग शेडातल्या फिटरनं एका दुपारी खाली अजून एक डकवून दिली. चारशे बाराला चारच हायेत."

"पण ड्रॉइंगमध्ये कुठेच नाही ते!"

तो हसला. "ड्रॉइंग आफिसाला कोण इचारतंय, साहेब!" कुत्सितपणे नाही म्हणाला. त्याला तसं येतच नाही. मग म्हणाला, "जेजुरीला गेलो तवा तुमीपन तिच्यावरनंच चढलावता की." आणि गाडी जपून खोक्यात ठेवली. छान हाय म्हणाला. ती त्याची नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी चढलो होतो. त्या पायरीवर पाय ठेवून चढलो होतो, आणि मोजली नाही. खोटं कशाला लिहू, लाज वाटते.

मंगळवार, १७ सप्टेंबर

निकिताला फोन केला. तिने माझा आवाज ओळखला, तरी नीट बोलली. जुनी एकही उरलेली नाही. शरच्चंद्रकडचीही कंपनीने परत मागवून मोडली.

मग आमोदला फोन लावला. आजवर कधी केला नव्हता. सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसला नाही. "काका, मी वाघोलीतच राहतो. उद्या सकाळी माझी ४१२ घेऊन जाऊ का त्यांच्याकडे? तुम्हीपण या."

जुनीच आहे ना, चार पायऱ्यांची — दोनदा विचारून घेतलं.